पाणी कसं आहे, शेजारी कोण आहे

सोलापुरात भाड्याचं घर बघायला गेलं की भाड्याआधी पाण्याचं विचारतात. कितव्या दिवशी येतं, किती वाजता येतं, रात्री दोनला येत असेल तर मोटर कोण लावतं. मग टाकी केवढी, वर पत्रा आहे की स्लॅब, पश्चिमेच्या भिंतीवर ऊन किती वेळ असतं. मे महिन्यात पारा ४२च्या पुढं गेला की या शेवटच्या प्रश्नाचं महत्त्व कळतं. सगळं पसंत पडलं की उठता उठता, जरा आवाज उतरवून, आणखी एक चौकशी होते. "शेजारी कोण राहतं?" होय-नाही बहुतेक वेळा त्याच उत्तरावर ठरतं.

मी इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. समुद्रातल्या वलयी प्राण्यांचा भाग आला की ही सगळी प्रश्नावली मी मुलांकडूनच काढून घेते, फळ्यावर लिहिते आणि मग सांगते की ही एका किड्याची आहे. सॅबेलारिया त्याचं नाव. लांबी तीन-चार सेंटिमीटर, नात्यानं आपल्या रानातल्या गांडुळाचा लांबचा भाऊ, आणि धंदा वाळूची घरं बांधण्याचा. एकाचं घर म्हणजे पेन्सिलीहून बारीक अशी एक नळी. पण हजारो जण एकमेकांना खेटून नळ्या बांधत जातात आणि बघता बघता त्यांचा खडक होतो, आतून पोकळ, वरून मधमाशीच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा. ओहोटीला तो उघडा पडतो तेव्हा त्याच्यावर माणूस उभा राहू शकतो. राहू नये, पण राहतो; त्याबद्दल पुढं सांगते.

अभ्यासक्रमात याला फारशी जागा नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात नेरीस आहे, ॲफ्रोडाइट आहे, कीटॉप्टेरस आहे, डोक्यावर पिसारा असलेला सॅबेला आहे. बरण्यांतलं फॉर्मॅलिन पिवळं पडलेलं आणि किडे पांढरेफटक, सगळे एकाच कुटुंबातले वाटावेत असे. सॅबेलारिया नाही. असता तरी त्याच्याकडं बघून काही कळलं नसतं. त्याच्याबद्दल जे कळायला हवं ते त्याच्या अंगात कमी आणि पत्त्यात जास्त आहे.

तो पत्ता मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत. सोलापूरची मुलं कोकणात न्यायची म्हणजे सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरायचा. पहाटे रत्नागिरीच्या बाजूला पोचलं की अर्धी मुलं गाडीत झोपलेली आणि उरलेली समुद्र दिसला म्हणून ओरडणारी. जानेवारीतली अमावस्या होती, म्हणजे उधाणाची ओहोटी. पाणी एरवीपेक्षा बरंच मागं सरलेलं. काळा कातळ, त्याच्या डबक्यांत शंख आणि शेवाळ, आणि कातळ संपून वाळू सुरू होते त्या अंगाला, अगदी खालच्या बाजूला, दगडावर वाळूचाच एक जाड थर. लाटेनं आणून टाकलेली वाळू दगडाच्या उभ्या अंगावर अशी थांबत नाही, हे सोलापूरच्या मुलालाही कळतं. एकानं वाकून बोट फिरवलं आणि म्हणाला, "मॅडम, हे सिमेंटचंय." खरोखरच तसं लागत होतं. खरखरीत, टणक, पण कडेला दाबलं तर भुगा होणारं. जवळ नाक नेलं तेव्हा भोकं दिसली. प्रत्येक भोकाची कड पातळ, नीट गोल, थोडी वर उचललेली. कणाशेजारी कण असा बसवलेला की मध्ये फट नाही. शंखाचे चपटे तुकडे कौलासारखे एकावर एक. काही भोकं काळपट झाकणानं बंद होती. ते झाकण म्हणजे मालक स्वतः. त्याच्या डोक्यावर सोनेरी-तपकिरी राठ केसांचा मुकुट असतो; पाणी गेलं की तो आत सरकतो आणि डोक्यानंच दार लावतो.

आपल्या किनाऱ्यावरच्या जाती वेगळ्या आणि युरोपातल्या वेगळ्या, पण कूळ तेच, सॅबेलारिडी. या कुळातल्या ज्या जातीबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं गेलंय ती सॅबेलारिया अल्व्हिओलाटा. लिनियसनं १७६७ साली तिची नोंद केली. इंग्लंड-वेल्सचा पश्चिम किनारा, फ्रान्स, पोर्तुगाल, खाली मोरोक्कोपर्यंत आणि भूमध्य समुद्रात तिची वस्ती. यापुढं मी जे सांगणार आहे ते मुख्यतः तिच्याबद्दलचं आहे.

तर, जागा कशी हवी. खाली पक्का दगड हवा, म्हणजे पाया सरकता कामा नये. आणि पाण्यात वाळू हवी, म्हणजे विटा. ऐकायला सोपं वाटतं. पण किनाऱ्यावर जाऊन बघा. जिथं नुसता कातळ असतो तिथं लाटा स्वच्छ असतात, वाळूचा पत्ता नसतो. जिथं वाळू असते तिथं पुळण मैलभर पसरलेली, दगडाचं नाव नाही. याला दोन्ही एका जागी पाहिजेत, आणि वाळू नुसती शेजारी पडून उपयोग नाही, ती घरपोच आली पाहिजे. किडा नळी सोडून बाहेर जात नाही. एकदा बसला की मरेपर्यंत तिथंच. म्हणून लाट हवी, आणि तीही बऱ्यापैकी अंगात जोर असलेली. तळाची जाड वाळू उचलून त्याच्या तोंडापर्यंत आणेल एवढी जोराची, पण बांधलेलं फोडणार नाही एवढ्या बेतानं. लाट मंद असेल तर वाळूऐवजी नुसता गाळ येतो, आणि गाळावर याचं घर उभं राहत नाही. लाट फार दांडगी असेल तर वादळात वस्तीचे लचके तुटतात. म्हणून तो सापडतो तो अशा कडांवर, जिथं कातळाची शेवटची पायरी आणि वाळूची पहिली पट्टी एकमेकांना भेटतात. किनाऱ्याच्या नकाशावर ही रेघ फार बारीक असते.

मला यातली एक गोष्ट विशेष आवडते. कोकणातला तो काळा कातळ आणि आमच्या सोलापूरच्या काळ्या रानाखालचा दगड, दोन्ही एकाच घराण्यातले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, दख्खनचे. इथं त्याची झीज होऊन ज्वारीची जमीन झाली, तिथं त्याच्यावर किड्यांनी वाळू चढवली. समुद्र नसलेल्या गावात समुद्र शिकवणाऱ्या बाईला असा एखादा धागा हाताशी लागतो.

आता बांधकामाकडं. पाणी वर आलं की किडा दार उघडतो आणि तोंडाभोवतीचे मिशांसारखे बारीक धागे बाहेर काढतो. हेच धागे अन्न पकडतात आणि हेच वाळूही पकडतात. पाण्यातले सूक्ष्म जीव तोंडात जातात; वाळूचा कण तोंडाजवळच्या घोड्याच्या नालेच्या आकाराच्या एका अवयवाकडं जातो. तिथं त्याची तपासणी होते. फार मोठा असेल तर नापास, फार बारीक असेल तर नापास. पसंत पडला की त्याच्यावर डिंकाचे थेंब लावायचे, नळीच्या कडेवर नेऊन योग्य जागी टेकवायचा, आणि लगेच सोडायचा नाही. थोडा वेळ धरून ठेवायचा, किंचित हलवून बघायचं, मग सोडायचा.

हा धरून ठेवण्याचा वेळ किती, हे मोजलं गेलंय. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर याचा एक नातलग राहतो, फ्रॅग्मॅटोपोमा कॅलिफोर्निका. तिकडं त्याला वाळूचे किल्ले बांधणारा किडा म्हणतात. युटा विद्यापीठात रसेल स्टुअर्ट यांनी त्याच्या डिंकावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या प्रयोगशाळेत किड्याची अर्धी नळी मोडून त्याला काचेचे मणी दिले तर तो मण्यांची नळी बांधू लागतो, तक्रार नाही. डिंक तयार होतो दोन वेगवेगळ्या प्रकारच्या ग्रंथींमध्ये. काही प्रथिनांवर ऋण भार, काहींवर धन, सोबत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. अंगातून बाहेर पडेपर्यंत हा मसाला आम्लधर्मी असतो. समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी. पाण्याला लागला की साधारण अर्ध्या मिनिटात तो धरतो, आणि पुढं काही तासांत आणखी घट्ट होऊन चामड्यासारखा चिवट, तपकिरी होतो. पाण्यात भिजलेल्या दोन वस्तू पाण्याखालीच चिकटवून दाखवा म्हटलं तर आपल्या बाजारातल्या बहुतेक ट्यूबा कामाला येत नाहीत. मोडलेलं हाड जोडायला असा डिंक वापरता येईल का, या विचारानं या किड्याकडं लोकांचं लक्ष गेलं.

घराची मोरी कुठं, हा प्रश्न मुलं विचारत नाहीत, पण मी सांगतेच. नळीचं तळाचं टोक बंद, दार एकच. तेव्हा किड्याची शेपटीकडची बाजू नळीत दुमडून वर वळलेली असते, आणि घाण वरच्या दारातूनच बाहेर जाते. आमच्या चाळवजा घरांची रचना करणाऱ्यांनी हे बघायला हरकत नाही.

उंचीचाही हिशेब आहे. किनाऱ्यावर फार वर बसलं तर पाणी दिवसातून थोडाच वेळ पोचणार, आणि पाण्याबाहेर तो जेवतही नाही आणि बांधतही नाही. ओहोटीत दार लावून बसणं हा एकच उद्योग. म्हणून भरती-ओहोटीच्या पट्ट्याचा खालचा भाग त्याला मानवतो. थंडीही फार नको. पाणी ५ अंशांच्या खाली गेलं की वाढ थांबते. १९६२-६३चा हिवाळा ब्रिटनमध्ये फार कडक गेला. वस्तीच्या उत्तरेकडच्या कडेला कितीतरी ठिकाणची किड्यांची ही पोळ्यांसारखी घरं त्या एका हिवाळ्यात रिकामी झाली आणि काही जागी किडा परत यायला दशकं लागली. मरणारे मेले, पण पुढच्या वर्षी अळ्या का आल्या नाहीत? दगड तोच होता, वाळू तीच, लाटाही त्याच. पुढच्या उन्हाळ्यात पाणीही पुन्हा कोमट झालं असेल.

इथं शेजाराचा मुद्दा येतो.

सॅबेलारियाची अळी जन्मते ती मोकळ्या पाण्यात. नर-मादी आपापल्या नळीत बसूनच बीज पाण्यात सोडतात. अळी कित्येक आठवडे, कधी काही महिने, प्रवाहाबरोबर तरंगत राहते. अंगावर लांब राठ केसांचे दोन झुबके, पोहण्यापुरती हालचाल, बाकी सगळं पाण्याच्या मर्जीवर. मग एक दिवस ती तळाशी उतरते आणि जागा बघायला लागते. ही जागा बघणं प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेतल्या डग्लस विल्सन यांनी काचेच्या भांड्यांत ठेवून पाहिलं. कॉर्नवॉलच्या डकपूल नावाच्या किनाऱ्यावरची पोळी तर ते १९६१ ते १९७० अशी सलग बघत होते. १९६८ साली त्यांनी लिहिलं ते असं, की अळी सरपटत सरपटत वाळूवर फिरते आणि आपल्या जातीच्या नळीचा तुकडा लागला की तिच्यात पालट सुरू होतो, म्हणजे अळीचा किडा व्हायला लागतो. साध्या वाळूनं होत नाही. नळीतली वाळू आणि बाहेरची वाळू एकच. फरक फक्त डिंकाचा. त्यातही लांबून, पाण्यातून वास आल्यानं काम होत नाही. प्रत्यक्ष लागावं लागतं, अंगाला अंग. नळी जुनी असली, मालक नसला, तरी चालतं.

त्या डिंकात नेमकं काय असतं यावर पुढं १९८०च्या दशकात अमेरिकेत चांगलंच वाजलं. कॅलिफोर्नियाच्या जातीवर काम करणाऱ्या एका गटाचं म्हणणं, डिंकातल्या डोपा या घटकाशी याचा संबंध. जोसेफ पॉलिक यांचं म्हणणं, तसं नाही, नळीतली मुक्त मेदाम्लं अळीला थांबवतात. एका अळीनं कुठं बसावं यावर दोन बाजूंनी शोधनिबंध लिहिले गेले, आणि अळ्या आपल्या बसत राहिल्या.

हे सगळं मी एका रात्री वाचत बसले होते तेव्हा आमच्या घरमालकीण, ज्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते, त्या दारात आल्या. हातात सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं. पूर्व भागात आम्ही राहतो तिथं संध्याकाळी ओट्यावर विड्या वळणाऱ्या बायका अजून दिसतात.

"काय बघायलाव मॅडम एवढं?"

मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यांना आधी मोहोळ वाटलं. किडा वाळू चिकटवून बांधतो म्हटल्यावर त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, नवीन किडा आला की त्याला कसं कळतं कुठं राहायचं? हा प्रश्न वर्गात कुणी इतक्या सरळ विचारला नव्हता. मी जमेल तसं सांगितलं, की आपल्या माणसांनी बांधलेल्या भिंतीला हात लागला की तो तिथंच थांबतो.

"मग आमच्या मामांचं काय निराळं?" अक्का म्हणाल्या. मामा म्हणजे त्यांचे सासरे. तेलंगणातल्या खेड्यातून कापडाचं गाठोडं घेऊन सोलापूर स्टेशनवर उतरले. ओळखीचं कुणी नव्हतं, कुणाचा पत्ताही नव्हता. मराठी येत नव्हतं. गावात फिरत राहिले, कुठं थांबावंसं वाटेना. साखर पेठेच्या अंगाला आले तेव्हा घराघरांतून मागाचा आवाज यायला लागला. एका दारात पाणी मागितलं, तेलुगूत. पाणी देणाऱ्यानं तेलुगूतच विचारलं, गाव कोणतं? "झालं," अक्का म्हणाल्या, "रात्री त्याच घरात जेवले. चार दिवसांत मागावर बसले."

सोलापुरात ही गोष्ट एका घरची नाही. १८७०च्या दशकात इथं कापडाची पहिली मोठी गिरणी निघाली, पुढं आणखी निघाल्या, हातमाग होतेच, मग यंत्रमाग आले, चादरी आल्या, टॉवेल आले. पद्मशाली विणकर पूर्वेकडून येत राहिले आणि जिथं आधीचे होते तिथंच बसत गेले. आज पूर्व भागातल्या दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू दिसतं. नारळी पौर्णिमेला कोकणात कोळी दर्याला नारळ देतात त्याच दिवशी आमच्याकडं मार्कंडेयाचा रथ निघतो आणि रस्ता चालायला जागा नसते. पौर्णिमा एकच, आणि त्या दिवशी तिकडं त्या कातळावर उधाण असतं.

पण ही तुलना मला फार ताणायची नाही. लोक असं ताणून मग मुंग्यांकडून कष्ट शिका आणि मधमाशांकडून शिस्त शिका असं लिहितात, आणि त्याचा मला कंटाळा आहे. अक्कांचा मुलगा यंत्रमाग विकून हैदराबादला गेलाय. सॅबेलारियाला असं जाता येत नाही. मामा न आवडतं तर परतीच्या गाडीत बसले असते. अळीला पालट झाल्यावर परत अळी होता येत नाही, पोहण्याचे केस गळून गेलेले असतात. तिचा निर्णय एकदाच, आणि तो चुकला तर दुरुस्ती नाही. म्हणूनच ती इतकी चिकित्सा करते. आधीच्यांची नळी इथं उभी आहे याचा अर्थ, इथं वाळू येते, लाट बेताची आहे, उंची बरोबर आहे, गेली काही वर्षं तरी कुणी इथं जगलंय. दगड, वाळू, लाट, पाणी हे सगळं तिला वेगवेगळं मोजता येत नाही. डिंकाच्या एका स्पर्शात तिला सगळी उत्तरं एकदम मिळतात. शेजारी कोण राहतं हा प्रश्न आपणही म्हणूनच विचारत असू का? असेल. त्यात दुसरंही बरंच काही असतं, आणि ते सगळंच चांगलं नसतं, हे सोलापुरात घर शोधलेल्या कुणालाही सांगायला नको.

जागेबद्दल इतका चोखंदळ नसलेला एक किडाही आहे. फिकोपोमॅटस एनिग्मॅटिकस. फ्रान्समध्ये काँ शहराच्या कालव्यात तो सापडला आणि फोव्हेल यांनी १९२३ साली त्याला नाव दिलं. तो वाळूनं बांधत नाही, अंगातून चुना काढून पांढऱ्या नळ्या करतो, म्हणून त्याला वाळू लागत नाही आणि लाटाही नको असतात. संथ, निमखारं, अन्नानं भरलेलं पाणी, म्हणजे खाडी, बंदर, खाजण. जहाजांच्या बुडाला चिकटून तो जगभर गेला. अर्जेंटिनात मार चिकीता नावाच्या सरोवरात त्याचे गोल गोल खडक झालेत, काहींचा व्यास सात मीटरपर्यंत. सरोवराची चालच त्यांनी बदलून टाकली. पाहुणा म्हणून आला आणि घरमालक झाला. मला तो तितकासा आवडत नाही, पण आवड-निवडीचा यात संबंध नाही; पेपरात दोन्ही आले तर दोन्ही लिहावे लागतात.

सॅबेलारियाची युरोपातली सगळ्यात मोठी वस्ती फ्रान्सच्या माँ सँ मिशेलच्या उपसागरात आहे. युरोपातली भरती-ओहोटीची तफावत जिथं सगळ्यात मोठी असते अशा जागांपैकी ती एक. मोठ्या उधाणाला पाणी चौदा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. तिथल्या सँत आन नावाच्या भागात पोळ्यांचे ढीग माणसाच्या उंचीपर्यंत गेलेत. भोवती मैलोन्‌मैल वाळू-गाळाची सपाटी आणि मधोमध हा किड्यांचा खडक. त्याच्या फटींत खेकडे, शिंपले, गोगलगायी, दुसरे कितीतरी किडे, जे त्या सपाटीवर कधीच राहिले नसते. ओहोटीला माणसं तिथं शिंपले काढायला येतात, पोळ्यांवरून चालतात, तुकडे उचकटतात. पायाखाली एखादी कड मोडली तर किडे ती काही आठवड्यांत बांधून काढतात. आत जिवंत असतील तर. पण भेग रुंदावली की लाट आत शिरते आणि पुढचं काम तीच करते. वर कालवांच्या शेतीतून सुटलेली पॅसिफिक कालवं बसतात, हिरवं शेवाळ चढतं. किडा जगतो साधारण तीन ते पाच वर्षं. म्हणजे दोन मीटरचा तो डोंगर खरं तर उभा नाहीच, तो सतत बांधला जातोय. दर काही वर्षांनी नव्या अळ्या येऊन बसल्या नाहीत तर रिकाम्या नळ्या भुसभुशीत होतात आणि एकेका उधाणात वाळू परत वाळूत जाते.

म्हणून सहलीत माझा नियम असतो, की भोकांच्या थरावर पाय नको, बोट चालेल. कालवं काढणाऱ्या एका मावशींनीही मुलांना तेच सांगितलं होतं, वेगळ्या कारणासाठी. तो थर पायाखाली सुटतो आणि माणूस आपटतो.

परतीच्या वाटेवर, घाट चढून गाडी कोल्हापूरच्या अलीकडं जेवायला थांबली होती तेव्हा तोच सिमेंटवाला मुलगा ताट घेऊन समोर बसला. म्हणाला, "मॅडम, प्रत्येक अळी जर आधीच्याची नळी बघून बसत असेल तर पहिली कशी बसली? तिच्या आधी तर कुणीच नव्हतं."

हा विल्सन यांच्याही भांड्यांतला प्रश्न आहे. ज्या अळ्यांना नळीचा तुकडा मिळाला नाही त्या थांबून राहिल्या. पालट लांबवला, आठवडे काढले. बऱ्याचशा तशाच संपल्या. पण काही मोजक्या अळ्या, वाट बघून बघून, कसलाही डिंक न लागता बसल्या. ओळखीचं काही नाही, समोर नुसती वाळू आणि जागा. समुद्रात अशी अळी कातळावर बसली की बहुतेक वेळा एकटीच मरत असणार, कारण तिनं काही तपासलेलंच नसतं. पण मरायच्या आधी ती वाळूचे काही कण चिकटवते. त्यातलं एखादं कडं लाटेत टिकलं, आणि त्याच हंगामात दुसरी अळी त्याच्यावरून सरपटली, तर ती थांबते.

तो थोडा वेळ जेवत राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे पहिली चांगली जागा बघून बसत नाही."

"नाही," मी म्हटलं, "तिची मुदत संपते म्हणून बसते." आणि त्याला वहीत लिहून घ्यायला सांगितलं, कारण हे पुस्तकात नाही.